तुमचं नाणं देव्हाऱ्यात बसलं आहे

आदरणीय जीवनराव भाऊजी,

बडनेऱ्याहून तुमच्या मेव्हण्याचा, देवीदासचा नमस्कार. आमी ठीक आहोत, म्हणजे माहे गुडघे अन् मायचा स्वभाव सोडून. आमची रूपाली कशी आहे? फोनवर विचारलं असतं, पण फोन लागला की तुमी आधी नाण्याचंच विचारता, अन् माह्या तोंडून खरं निघत नाही. म्हणून पत्र लिहून राहिलो.

बाबांच्या तेरवीची पंगत उठली अन् तुमी संध्याकाळच्याच गाडीनं रूपालीले घेऊन निघाले (पुण्यात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं म्हणे). घाईत नाणं इथंच राहिलं. फ्रान्सच्या कोण्या राजाचं, सहाशे वर्षांचं, हातोड्यानं ठोकलेलं, चांदी थोडी अन् तांबं जास्त, हे सगळं तुमी पंगतीत सांगितलंच होतं. शेजारच्या नत्थुजी काकांनी तर चांदी पारखायले दातानं चावून पाहिलं. काठावरची खूण त्यांची आहे, माही नव्हे. मी ते कपाटात जपून ठेवलं.

आता बाबांचा टाक करायचा राहून गेला होता. (पुण्यात राहून विसरले असान. गेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली मूर्ती, देवांजवळ ठेवतात ती.) मायनं कपाट आवरलं, त्यात हा वाकडातिकडा गोल तुकडा सापडला. तिले वाटलं, मी टाक करून आणला. नाण्यावरची तीन फुलं झिजलेली. वरची दोन डोळे, खालचं नाक अन् मिशा. अन् मिशा, भाऊजी, खरंच बाबांच्या आहेत. माय देव्हाऱ्यापुढं बसून एवढी रडली की बाबा गेले तेव्हाही तशी रडली नव्हती. मग मीच उठून फुलं आणून दिली.

तेव्हापासून तुमचं नाणं तुमचा सासरा होऊन बसलं आहे. रोज दुधानं आंघोळ, गंध, फूल. मायनं चिंचेनं घासून लख्ख केलं (धूळही पुसू नको, असं तुमी बजावलं होतं). मग मी अकोल्याले जाऊन जुन्या शहरातल्या सोनाराकडून बाबांचा खरा टाक करून आणला, माय आंघोळीले गेली तेव्हा बदलून ठेवला. आली अन् म्हणे, हा कोण आणून बसवला? मी पुन्हा नाणंच बसवलं. थकलो आता. तुमचा फोन वाजला की मी अंगणात निघून जातो.

तुमचा,
देवीदास

ता. क. कुरियरनं पाठव म्हणू नका. बाबांचं पार्सल कसं करू?

ता. क. दुसरा. पाकीट बंद करत होतो तर माय आली, कोणाले लिहून राहिला म्हणे. शेवटी सांगून टाकलं की ते बाबा नाहीत, जावयाचं नाणं आहे. ती गंध उगाळत राहिली. म्हणे, "मले मालूम हाय. रडून झाल्यावर नत्थुजीच्या दाताची खूण दिसली. माह्यासाठी तर जावई पोरीले आणत नाहीत, नाण्यासाठी तरी घेऊन येतीन." नाणं रूपालीच्याच हातात देणार आहे म्हणते. एकटे येऊ नका.