ठाणेदारानं घर बांधलं

प्रिय नानाकाका,

आज सकाळी माशाच्या टाकीवरचं फडकं बाजूला केलं आणि पाण्यावर फेस दिसला. पांढरे, बारीक, एकमेकांना चिकटलेले बुडबुडे. पानाच्या आडोशाला, कोपऱ्यात. तुमचा ठाणेदार खालून वर येत होता, तोंडानं एकेक बुडबुडा लावत होता आणि परत खाली जात होता. काका, त्यानं घर बांधलंय. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगू? म्हणून बसलोय लिहायला. 

तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलंच नसेल. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. तीन कावळे बाभळीवर बसलेले, एक खाली येईना. मग सुरू झालं एकेकाचं. बाबा म्हणाले, नान्या, तुझ्या बायकोला एकटी पडू देणार नाही. आत्या म्हणाली, तुझं वर्षश्राद्ध थाटात करू. कावळे ढिम्म. बाबांनी मला कोपर मारलं, "म्हण, कॉलेजात परत जाईन म्हण." मी म्हटलं. एका कावळ्यानं चक्क तोंड फिरवलं. तुम्हाला माझं खोटं नेहमीच लगेच कळायचं.

तुमच्या मनात काय राहिलं असेल, असा विचार करत उभा होतो आणि एकदम डोळ्यांपुढे दुकान आलं. शटर ओढलेलं. आत शिलाई मशीन, रेक्झिनचे गठ्ठे, ट्रकवाल्यांची अर्धवट राहिलेली सीट कव्हरं. आणि मशीनशेजारी बरणीत तुमचा फायटर मासा, ठाणेदार! तुम्हाला नागपूरला दवाखान्यात नेलं तेव्हापासून आम्ही सगळे तिकडेच, आणि मग सुतक. दुकानाकडे कोण फिरकणार? इथं आम्ही कावळ्याला हातापाया पडून जेवू घालत होतो आणि तुमचा जीव तिकडे उपाशी.

"काकू, किल्ली," मी म्हटलं. काकूनं माझ्याकडे पाहिलं, कमरेची किल्ली काढली आणि हातात ठेवली. काहून म्हणून विचारलं नाही. कावळा शिवला की नाही हे मी पाहिलंच नाही, तोवर मी गाडीला किक मारली होती. बाबा म्हणतात, मी वळलो आणि लगेच शिवला. आत्या म्हणते, तिनं वरून भजं ठेवलं म्हणून शिवला. खरं काय ते तुम्हालाच ठाऊक.

बरणीतलं पाणी चहासारखं झालं होतं. ठाणेदार तळाशी आडवा. तो लालभडक पिसारा कुठे गेला होता कुणास ठाऊक, जळलेल्या कागदासारख्या चार चिंध्या उरल्या होत्या. डोळ्यावर साय. मी काचेला टिचकी मारली. कल्ला हलला. एकदाच, पण हलला.

मी बरणी घेऊन नळाखाली धरणारच होतो. मग थांबलो. आणि काका, मी प्राजक्ताला फोन लावला. हो, तीच. तिच्यावरून कॉलेजच्या कँटीनमध्ये मी त्या पोराच्या थोबाडीत मारली, प्रिन्सिपलसमोर माफी मागायची नाही म्हणून कॉलेज सोडलं, आणि तिनं मला सांगितलं की तुझ्या मारामारीत माझं नाव घेऊ नको, मला फोनही करू नको. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. पण झूलॉजीवाली दुसरी कोण ओळखीची होती?

"बोल," ती म्हणाली. आवाजात बर्फ.

"मासा मरून राह्यला."

"काय?"

"काकाचा फायटर मासा. नळाचं पाणी टाकू का?"

"टाकू नको! पाणी आधी बादलीत ठेव, उद्यापर्यंत. मग थोडं थोडं बदल. कशात आहे तो?"

"बरणीत. लोणच्याच्या."

 मग ती म्हणाली, "लोणच्याच्या बरणीत मासा कोण ठेवते रे?"

आता काय सांगू तिला? मेलेल्या माणसाची चुगली कशी करू? पण काका, खरंच, काहून ठेवला असा? एवढ्या प्रेमानं आरसा दाखवायचे त्याला. तो स्वतःलाच पाहून कल्ले फुगवायचा आणि तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचे, "पाह्यलं? आमचा पुतण्या असाच हाये." त्या आरशाऐवजी एक मोठं भांडं नसतं का आणता आलं?

असो. तुमच्या जुन्या शोकेसच्या काचा कापून आणल्या आणि टाकी चिकटवली. दोनदा गळली, तिसऱ्यांदा टिकली. प्राजक्ता फोनवर सांगत गेली आणि मी करत गेलो. चिमूटभर खडे मीठ. पाणी गार पडू द्यायचं नाही. आणि बदामाची वाळलेली पानं, त्यांचा रंग पाण्यात उतरला की जखमा भरतात म्हणे.

बदामाचं झाड आपल्या वणीत कुठे आहे? कॉलेजच्या फाटकाच्या आत! जिथे पुन्हा पाय ठेवणार नाही म्हणून मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो तिथे. चौकीदारानं अडवलं.

"काय रे, अॅडमिशन घेतलं का?"

"नाही. पाला पाहिजे."

"बकरी पाळली काय?"

प्राजक्ता पायऱ्यांवर मैत्रिणींसोबत उभी होती. मी खाली वाकून पानं वेचतोय आणि ती हसतेय. चिडायला पाहिजे होतं मी. नाही चिडलो. ती आली आणि माझ्या हातातली निम्मी पानं फेकून दिली. "ही किडकी आहेत. अशी घे, तपकिरी." आम्ही दोघांनी मिळून पिशवी भरली. काका, मी तुमच्या माशासाठीच गेलो होतो, शप्पथ. पण घरी येताना गाडी जरा जास्तच हळू चालवली.

खायला काय दिलं विचारा. आपल्या कूलरच्या टाकीतल्या डासांच्या अळ्या. चाळणीनं काढायच्या, धुवायच्या आणि एकेक सोडायची. आधी तो पाहायचाही नाही. मग एका दुपारी वळला, डोळा फिरवला आणि गपकन गिळली. मी एवढ्यानं ओरडलो की काकू पोळपाट टाकून धावत आली. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली, हेही सांगून ठेवतो.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. तेरवीला आत्यानं टाकी पाहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "जीव कोंडून ठेवू नोको बाप्पा. नदीत सोडून दे. नान्याले गती भेटल."

मी भडकलो. नदीत हा एक दिवस जगणार नाही, म्हणालो. गती तुझी तू पाह्य, म्हणालो. पंगतीत म्हणालो, सगळे पाहुणे बघत असताना. बाबा उठले होते मला मारायला. काकूच मध्ये पडली. "आता नोको, दुखणाईत हाये तो. बरा झाला का सोडू. महिन्याच्या दिवशी."

म्हणजे बरा नाही झाला तर मरणार, आणि बरा झाला तर नदीत जाऊन मरणार. कोणासाठी धडपडत होतो मी? तरी करत राहिलो. चिंध्यांच्या कडेला काचेसारखी पारदर्शक नवी कातडी फुटली, मग तिच्यात लाल उतरला. एवढा आनंद आणि एवढी भीती एकाच वेळी कधी वाटली नव्हती मला.

उद्या तुमचा महिना. आत्या आजच आली. चहा पिऊन थेट टाकीपाशी.

"पाह्य, पाणी नासलं. फेस आला. म्हणूनच म्हटलं, सोडून या."

"नासलं नाही आत्या. घर बांधून राह्यला तो."

"मासा? घर?"

यावेळी मी ओरडलो नाही. मला प्राजक्तानं सांगितलं होतं तेवढंच सांगितलं. नर बांधतो. मादी अंडी घालून निघून जाते, हा तोंडानं एकेक अंडं उचलून फेसात ठेवतो आणि राखत बसतो. दुखणाईत मासा असलं काही करत नाही. ठीक झाला, इथलं पाणी मानवलं, की मगच बांधतो. मादी नसली तरी बांधतो.

काकू पदराला हात पुसत पुढे आली. बराच वेळ पाहत उभी राहिली. तो वर येई, बुडबुडा लावी, खाली जाई.

"बाई," ती आत्याला म्हणाली, "एवढं घर बांधून राह्यला, अन् आपण त्याले हाकलाचं?"

"मंग नान्याच्या गतीचं काय?"

"त्यायले दुकान सोडून कुठं जायची हौस होती?"

आत्या टाकीत वाकून पाहू लागली. मग म्हणाली, "खाते काय हा?"

"मच्छरं."

"मंग राहू दे. मच्छरं बक्कळ हायेत घरात."

झालं! एवढंच झालं, काका. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. साबणानं दोनदा.

परवा दुकान उघडतो, पुढे टाकीही मशीनशेजारी नेईन. बाबांना सांगून टाकलं, कॉलेज नाही, मशीनवर बसतो. ते माझ्याशी बोलत नाहीत, पण मशीनला तेल घालून आले. प्राजक्ता रविवारी फेस बघायला येते म्हणाली. तेवढंच म्हणाली. मी त्यात काही जास्तीचं ऐकणार नाही.

एक राहून जातं. नागपूरला शेवटी तुम्ही काचेच्या आत होता आणि आम्ही बाहेर. आत येऊ देत नव्हते. मी तिथेही भांडलो, काही उपयोग झाला नाही. तुम्ही हात वर केला होता, तो बोलावायला की जा म्हणायला, हे मला अजून कळलेलं नाही.

या माशांचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच असतं म्हणे. ठाणेदारही जाईल कधीतरी. तो जाईल तेव्हा शटर उघडं असेल, दिवा लागलेला असेल आणि मी मशीनवरून उठून त्याच्याजवळ येऊन बसलेलो असेन. त्याला एकट्याला जाऊ देणार नाही. हे वचन नदीवर कोणी कोपर मारून काढून घेतलेलं नाही, माझं मी देतोय.

तुमचा,
रोशन