नव्या स्ट्रायकरचे दोन दात

३ जून, बुधवार, सकाळी ७.४०
क्लबने स्ट्रायकर विकला. एका सीझनमध्ये एकोणीस गोल मारणारा माणूस, आणि विकला! दात घासताना बातमी वाचली. पेस्ट गिळली गेली. बायकोला सांगितलं, तर तिने विचारलं, कोणता, तो केस रंगवलेला का? या घरात मी एकटा आहे. (लेक सोडून.)

सकाळी ८.१५
निर्णय झाला. नवा स्ट्रायकर घेतल्याशिवाय सीझन तिकीट रिन्यू करणार नाही. सी ब्लॉक, रांग सात, खुर्ची पंधरा. अकरा वर्षं माझी आहे. शेजारची चौदा लेकीची, ती आठ वर्षांची असल्यापासून. गोल झाला की ती माझा दंड असा धरते की चार दिवस नखांच्या खुणा राहतात. आता या दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसल्या की क्लबच्या तोंडचं पाणी पळेल.

लेक म्हणाली, बाबा, मुदत तीस जूनची आहे आणि मी माझं तिकीट आजच करतेय. करू दे. हल्लीच्या पोरांना कणा नाही. एक खुर्ची रिकामी तर एक.

४ जून
क्लबला ईमेल लिहिला. चार पानी. पहिली तीन पानं भावना, चौथ्यावर धमकी. माझ्या दातांच्या लॅबमध्ये दोन कवळ्या मेणात अर्धवट राहिल्या. पण बिनदाताच्या माणसांना एक दिवस थांबायला काय झालं? मी कपसाठी अकरा वर्षं थांबलोय.

९ जून
उत्तर आलं! आपल्या संदेशाबद्दल आभार, लवकरच संपर्क साधू. 'लवकरच' या शब्दात घबराट स्पष्ट दिसते. बायको म्हणाली, हे उत्तर मशीन पाठवतं. असेल. पण मशीनला 'लवकरच' लिहायला कोणीतरी सांगितलंच असेल ना?

१४ जून
ट्रान्सफर विंडोतली पहिली खरेदी जाहीर. तिसरा गोलकीपर. पहिले दोघे धडधाकट आहेत.

१६ जून
दुसरी खरेदी. गवत कापायचं मशीन. फोटो टाकलाय, मशीनच्या हँडलला क्लबचा मफलर बांधलाय. आमच्या फॅन ग्रुपचा अ‍ॅडमिन धंद्याने न्हावी आहे, त्याला मशीन आवडलं. निदान हे मैदानभर पळेल तरी, असं त्याने लिहिलं. एकशे चार जणांनी हसरे चेहरे टाकले. माणसं हसतात कशी या वेळी!

१९ जून
संकल्प: कामाच्या वेळेत फोन बघायचा नाही. नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत पाळला. लॅब नऊला उघडते.

दुपारी ३
ज्यांची कामं करतो त्या दातांच्या डॉक्टरांचा फोन. एका आजींच्या कवळीत डाव्या दाढा उजवीकडे लागल्यात. मी म्हटलं, ट्रान्सफर विंडोचा ताण आहे. ते म्हणाले, वारा येत असेल तर बंद करून घ्या. या माणसाकडे क्लबचे खेळाडू दात दाखवायला जातात आणि याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

२३ जून, मंगळवार, सकाळी १०.२०
सावकाश लिहितो.

डॉक्टरांकडून नवीन माप आलं. वरचा जबडा, पुढचे दोन दात गायब. चिठ्ठीवर पेशंटचं नाव नाही. फक्त एवढंच: क्लबकडून. अर्जंट. दोन जुलै, गुरुवार, सकाळी अकराला फोटो.

क्लब! फोटो! नाव नाही!

आला. स्ट्रायकर आला. गुपचूप आणलाय, आणि मैदानाच्या आधी माझ्या टेबलावर आलाय.

सकाळी ११
साचा ओतला. अभ्यास केला. पुढचे दोनच दात गेलेत, म्हणजे हेडर मारताना कोणाचं तरी कोपर बसलंय. घाबरणारा गडी नाही. जबडा रुंद. दाढा झिजलेल्या, म्हणजे हरल्यावर दात खाणारा. अशीच माणसं हवीत. हिरड्या जरा वयस्कर वाटतात, पण अनुभवी माणूस हवा हे मी ईमेलच्या दुसऱ्या पानावर लिहिलंच होतं. रंग पिवळट मागवलाय. परदेशात कॉफी फार पितात.

ईमेल वाचला तर त्यांनी! उगाच नावं ठेवली.

२४ जून
व्यावसायिक गुप्तता ही पवित्र गोष्ट आहे. पेशंटबद्दल कोणापुढे अवाक्षर काढणार नाही.

२४ जून, दुपारी १.१५
ग्रुपवर टाकलं. फक्त इशारा दिला: तो आलाय, जबडा मी पाहिलाय. आणि साच्याचा फोटो. एकच, बाजूने.

२५ जून
काय दिवस! न्हाव्याने तीन परदेशी स्ट्रायकरांचे हसतानाचे फोटो शोधून जबड्याशी जुळवले. एकाच्या नाकाशी जुळला. लोक मला सर म्हणायला लागलेत. एकाने विचारलं, डावखुरा आहे का? मी सांगितलं, डावीकडे जास्त चावतो. उत्तर ऐकून ग्रुप धन्य झाला.

दात मात्र जीव ओतून केले. वीस वर्षांत इतके देखणे दात केले नाहीत. पकडीच्या तारा स्वतः तीनदा वळवल्या. हा गडी नव्वद मिनिटं ओरडला तरी हलणार नाहीत.

२८ जून
लेकीने पुन्हा आठवण करून दिली. आता स्ट्रायकर आलाय ना तुमचा, मग करा रिन्यू. मी समजावलं, घोषणा गुरुवारी आहे. शब्द म्हणजे शब्द. घोषणा होईल, मग मी ताठ मानेने खिडकीवर जाईन. अकरा वर्षं बसलेल्या माणसाची खुर्ची दोन दिवसांत कोण दुसऱ्याला देतंय? खिडकीवरचे काका मला ओळखतात. म्हणजे माझा हात ओळखतात. काच धुरकट आहे, खालच्या फटीतून फक्त हात दिसतो. शिक्का मारला की दरवर्षी टेबलावर दोनदा टकटक करतात. आमचं ते ठरलेलं आहे.

लेकीने नुसतं बघितलं. आईवर गेलीय.

३० जून
मुदत संपली. क्लबचा फोन नाही. गुरुवारच्या गडबडीत असतील.

२ जुलै, गुरुवार, सकाळी १०.५५
लॅबचं दार लावून घेतलंय. मफलर घातलाय. ग्रुपवर तीनशे लोक थांबलेत. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बसवून ठेवलंय.

सकाळी ११.०४
फोटो आला.

दात ओळखले मी. माझेच. झकास बसलेत.

भोवतीचा माणूस साठ वर्षांचा आहे. तिकीट खिडकीवर सव्वीस वर्षं नोकरी करून आज निवृत्त झाला. हातात पुष्पगुच्छ. शेजारी गवत कापायचं मशीन. दात कसे गेले तेही खाली छापलंय: क्लबच्या स्टोअररूमच्या जिन्यावर पाय घसरला.

सकाळी ११.३०
ग्रुपचं नाव बदलून 'दंतकथा' केलंय. मी कुणालाच उत्तर देणार नाही. न्हाव्याकडे केस कापणं बंद.

३ जुलै
खिडकीवर गेलो. मान ताठ नव्हती, पण गेलो. नवीन मुलगी बसली आहे. तिच्यासमोर काच पण नाही. अगदी गोड आवाजात म्हणाली, पंधरा नंबर मुदतीनंतर रिकामा झाला, तो क्लबने काकांना निवृत्तीची भेट म्हणून दिला. कायमचा. एच ब्लॉकमध्ये एक जागा आहे. मी विचारलं, तिथून दिसतं का? ती म्हणाली, सर, तिथून आवाज फार छान येतो.

घेतली. शिक्का मारला. टकटक नाही.

संध्याकाळी
लेकीला सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तिचे डोळे भरले. म्हणाली, मी तीनदा सांगितलं होतं बाबा. चिडली असती तर बरं झालं असतं. बायकोने जेवताना स्ट्रायकरची चौकशी केली. तो केस रंगवलेला कुठे गेला म्हणे. विषय बदलल्याबद्दल मी तिचा आयुष्यभर ऋणी राहीन.

८ ऑगस्ट, शनिवार
पहिली मॅच. एच ब्लॉक, शेवटची रांग, पुढे खांब. खांबाचे फायदे: ऊन लागत नाही, आणि वेळप्रसंगी कपाळ टेकता येतं. डावीकडे वाकलं की एक गोलपोस्ट दिसतो, उजवीकडे वाकलं की शेजारचे गृहस्थ रागावतात.

स्ट्रायकर घेतलाच नाही. डाव्या बॅकला पुढे खेळवलं. एकाहत्तराव्या मिनिटाला त्याने गोल मारला! म्हणजे, मारला असावा. मला फक्त आरडाओरडा ऐकू आला. मी उठून खांबाच्या कडेने समोर पाहिलं. सी ब्लॉक, रांग सात. लेकीने शेजारच्या काकांचा दंड दोन्ही हातांनी धरला होता. काका आ वासून ओरडत होते.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दंड उगाच चोळत बसलो.

१० ऑगस्ट, सोमवार, सकाळी १०
डॉक्टरांकडून डबी आली. माझेच दोन दात. डावी तार सैल. कारण लिहिलंय: गोलच्या वेळी ओरडताना दात निसटून पुढच्या रांगेतल्या बाईंच्या पर्समध्ये पडले.

सकाळी १०.०५
देवाने मार्ग दाखवला. पुढची मॅच शनिवारी. पुढचे दात नसताना कोणता माणूस चारचौघांत जाईल? खुर्ची रिकामी राहणार, लेकीशेजारी. आपण घाई करायची नाही. अशी तार बाहेरून मागवावी लागते. दोन आठवडे सहज. चार म्हटलं तरी कोणी विचारणार नाही.

सकाळी ११.३०
काका स्वतःच आले, लेकीने लॅबचा पत्ता दिला म्हणे. तोंडावर हात धरून. फक्त हात बघून मी ओळखलं. बसा म्हटलं, चार आठवडे लागतील म्हटलं. ते म्हणाले, सावकाश करा, मला घाई नाही. शनिवारी मी असाच जाईन. गोल बघायला दात कुठे लागतात?

मग म्हणाले, सव्वीस वर्षं त्या काचेमागे बसलो. मॅच सुरू व्हायची तेव्हा हिशोब चालायचा. गोल झाला की नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. कोणी मारला, कसा मारला, ते दुसऱ्या दिवशी पेपरात. परवाचा गोल आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

मी चहा सांगितला. स्टूल पुसून दिलं. तेव्हा त्यांनी बाही वर करून चार नखांच्या खुणा दाखवल्या आणि हसत म्हणाले, तुमच्या लेकीचा हात फार जड आहे. मला माहीत आहे, म्हटलं.

दुपारी १२.१५
तार आवळली. पंचेचाळीस मिनिटांचं काम. काकांनी दात घातले, आरशात पाहिलं, जोरात गोल म्हणून ओरडून बघितलं. हलले नाहीत. निघताना टेबलावर दोनदा टकटक केली आणि विचारलं, शनिवारी लेकीला काही निरोप द्यायचा का?

म्हटलं, गोल झाला की कोणी मारला, तेवढं फोन करून कळवायला सांगा.