तेल कालवायचं राहिलं

३ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

पत्र लांबलं म्हणून रुसू नकोस. रुसायचा मान सध्या बाबांच्या पाण्यावरच्या फटफटीने घेतला आहे. मावशीकडे दोन दिवस राहून आम्ही परत आलो, आणि बाबांनी हातपाय न धुताच शेडचं कुलूप काढून वॉटर स्कूटरचं बटण दाबलं. नुसता खट् आवाज. इंजिन जाम. संध्याकाळपर्यंत त्यांनी सिलिंडर उघडला, तर पिस्टनवर उभे ओरखडे आणि तेलाचा मागमूस नाही.

तुला माहीत नसेल, टाकीतलं तेल इंजिनाला पुरवणाऱ्या ऑइल पंपाचा भरवसा राहिला नाही म्हणून त्यांनी गेल्या वर्षी तो काढूनच टाकला. तेव्हापासून तेल कॅनमध्ये पेट्रोलातच कालवतात, तेही मापाने. माझं खोकल्याचं औषध त्यांनी कधी इतक्या निगुतीने मोजलं नाही. आता म्हणतात, मागच्या वेळी मीच कालवायला विसरलो. मी म्हटलं, जुनं टू-स्ट्रोक आहे, कधीतरी जायचंच. ऐकत नाहीत. पंपघरात उभा जन्म गेला, पण त्यांच्या हातून एक व्हॉल्व्ह कधी उघडा राहिला नाही, आणि तोच माणूस आता गॅस पेटवायला घाबरतो. चहा हवा असला तर मी दवाखान्यातली ड्युटी संपवून येईपर्यंत बसून राहतो.

रोज सकाळी तलावाला एक फेरी मारून यायचे, तेव्हा चेहऱ्यावर काय तेज असायचं. फटफटी गेली तर गेली, पण हे असे हात आखडून बसले तर मी काय करू? मला भीती वाटते.

लोभ आहेच, तो अधूनमधून टपालानेही येऊ दे.
तुझी,
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून काळजी वाटली. वय झालं, दुसरं काय. आमच्या साहेबांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं, आधी किल्ल्या विसरायचे, मग घरचा रस्ता. बाबांना डॉक्टरला दाखव. तोवर शेडची किल्ली तुझ्याकडे घे आणि पाण्यावर एकटं सोडू नकोस.

आणि खरं सांगू, पंप काढला होता तर तेलाच्या टाकीत काठोकाठ तेल कशाला भरून ठेवायचं? बघणारा फसणारच. आता ते धूड भंगारात द्या आणि मोकळे व्हा. मला इतक्यात रजा नाही, नाहीतर आलो असतो. उजव्या हाताला जरा लागलंय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

बाबांना नमस्कार. लोभ असू द्यावा, नेहमीसारखे चिमटे काढलेस तरी चालेल.
तुझा,
धाकटोबा

१८ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
आशीर्वाद.

हात बरा झाला का? हे मी विचारत नाही, जाळी टाकणारे काका विचारत होते. बाजारात भेटले आणि म्हणाले, तुमच्या भावाचा तळहात दोराने चांगलाच सोलवटला होता. कसला दोर म्हणून विचारलं तेव्हा सगळं कळलं. आम्ही मावशीकडे असताना तू दोन मित्रांना घेऊन आलास. शेडची दुसरी किल्ली तुझ्याकडे होतीच. तेलाची टाकी भरलेली दिसली, म्हणून नुसतं पेट्रोल भरलंस. फटफटी भर तलावात बंद पडली, काकांनी होडीने ओढत आणली. तू ती पुसलीस, कापड घातलंस, कुलूप लावलंस, आणि काकांना सांगितलंस की बाबांशी मीच बोलतो. तरीच म्हटलं, तेलाची टाकी काठोकाठ आहे हे तुला कसं कळलं? मी तर त्याबद्दल अवाक्षरही लिहिलं नव्हतं.

इंजिन गेल्याचा राग नाही रे. पंपाचं तुला कुणी सांगितलंच नव्हतं. राग आहे तो तुझ्या पत्राचा. ते मी मूर्खासारखं बाबांना वाचून दाखवलं. डॉक्टरचं ऐकून त्यांनी मान हलवली, आणि शेडची किल्ली खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. आता कोपऱ्यावर जायलाही नको म्हणतात, वाट चुकेल म्हणून. धडधाकट माणसाला तू घरात बसवलंस.

मी सांगून त्यांना पटायचं नाही. तुझ्या हातचं हवं. पेट्रोल मी भरलं होतं, एवढंच लिही. उलट टपाली लिही.

ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

रागाच्या भरात काही करू नकोस. मी सांगणारच होतो. मित्रांसमोर शोभा झाली होती, आणि वाटलं, बाबांना दुरुस्तीची हौस आहे, करतील. मग तुझं पत्र आलं, तर त्यांनी सगळं स्वतःवरच घेतलेलं. त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि आता सांगून साधणार काय? आज ना उद्या विसर पडायचाच होता.

तू रोज त्यांच्यासमोर असतेस, तुझं एक चुकलं तर दहा गोष्टींत भरून निघतं. मी वर्षातून दोनदा दिसतो. त्यांच्या नजरेतून एकदा उतरलो की संपलं. पिस्टन आणि बाकीचं सामान पार्सलने पाठवतो आहे. बसवतील, मन रमेल. एवढं सांभाळून घे.

राग ओसरल्यावर तरी लोभ असावा.
धाकटोबा

९ मार्च

चि. धाकटोबास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताई ड्युटीवर गेली आहे, म्हणून स्वतःच लिहायला बसलो. पार्सल पोचलं. पिस्टन अगदी बरोबर मापाचा आहे. इतक्या जुन्या मॉडेलचा मिळवायला तुझी बरीच वणवण झाली असेल. चूक माझी आणि भुर्दंड तुला, याचा फार संकोच वाटला. पण मी तो बसवणार नाही. एखादा नट आवळायचा विसरलो तर पाण्यात कुणाच्या तरी जिवावर बेतेल. फटफटी विकून टाक म्हणून ताईला सांगितलं आहे.

तिच्यावर मात्र रागावू नकोस. परवा तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, पेट्रोल धाकट्याने भरलं, इंजिन त्याच्या हातून गेलं. साक्षीला जाळीवाल्यालाही घेऊन आली होती. तो बिचारा मान खाली घालून हो म्हणाला. तिने पढवून आणला असणार. तुझं कबुलीचं पत्रही आलं होतं म्हणे, पण रागाच्या भरात फाडून टाकलं! मला टोचणी नको म्हणून पोरीने एवढं रचलं. तिची माया कळते मला. पण म्हणून पाठच्या भावावर नसता आळ घ्यायचा? मी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तसं असतं तर त्याने मला सांगितलं नसतं का, असं विचारलं, तेव्हा ती उठून आत निघून गेली. दोन दिवस धड बोलत नाही, जेवतही नाही नीट.

तू म्हणतोस तसा डॉक्टरकडे जाईन. तू लांब राहून एवढी काळजी करतोस, याचं बरं वाटतं. फटफटी धडधाकट तुझ्या हाती द्यायची, असं फार मनात होतं. ते माझ्या हातून झालं नाही. मनात धरू नकोस, मला माफ कर.

लोभ करतोसच. डोकं ठिकाणावर आहे तोवर एकदा येऊन जा.
तुझे,
बाबा