दादाचा पियानो आणि सहा वॉशर

मंगळवार, १४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरी आहे, खोकला गेला, खोली पुन्हा बदलली. लिहू लिहू म्हणत आठ महिने टाळलं, हे आधीच कबूल करून टाकते. कागद दोनदा आणला होता. एकावर सामानाची यादी झाली, दुसऱ्यावर घरमालकीणबाईंच्या मांजरीचं चित्र. चित्र बरं जमलंय, सोबत पाठवतेय. कान जरा मोठे झालेत.

आज मात्र पळता येणार नाही. वाद्यांच्या दुकानात बसून लिहितेय आणि समोर दुकानाच्या बाई माझं खोकं बांधतायत. खोक्यात तुझ्यासाठी पियानो आहे. डिजिटल. लगेच नाक मुरडू नकोस, पुढचं वाच.

वहिनीनं मागे लिहिलं होतं, तू जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसतोस म्हणून. तेव्हापासून गोदामात कपाटं गुंडाळायच्या कामातून जे पैसे साठले, त्यात बसेल आणि तुला खरा वाटेल असा पियानो शोधत होते. या दोन अटी एका घरात नांदत नाहीत, हे पहिल्याच दुकानात कळलं. तिथला विक्रेता म्हणाला, "सहाशे आवाज आहेत, ताई. पाऊससुद्धा आहे." पियानोत पाऊस कशाला? पण मी अर्धा तास पाऊसच ऐकत बसले. मग बेडूक. मग एक बटण दाबलं तर ते यंत्र आपलं आपणच वाजायला लागलं आणि मी नुसती वरून बोटं फिरवत राहिले. मागून एका आजींनी टाळ्या वाजवल्या. "किती वर्षं शिकतेस?"

"आज सकाळपासून," मी म्हटलं. त्यांना तो माझा विनय वाटला.

आवाज झकास होता, खोटं कशाला बोलू. पण पट्ट्या म्हणजे पेनाची टोपणं. बोट ठेवलं की टपकन खाली. तुझ्या हातांना ते दोन दिवसांत कळलं असतं आणि तिसऱ्या दिवशी त्यावर धुतलेले कपडे वाळत पडले असते.

तेव्हा काकांची रीत आठवली. आयुष्यभर लोकांच्या पियानोंचे सूर लावणारा माणूस, पण नवा पियानो दिसला की आधी आवाज ऐकायचेच नाहीत. एक पट्टी इतकी हळू दाबायचे की सूर उमटूच नये. मग पट्टीच्या टोकावर नटबोल्टाचा एकेक लोखंडी वॉशर ठेवत जायचे, ती आपसूक खाली बसेपर्यंत. "आवाज कानाची खुशामत करतो गं, पट्टी बोटाची करत नाही." मीही गोदामातून मूठभर वॉशर खिशात घातले आणि निघाले. दोन दुकानांतून मला गोड बोलून बाहेर काढलं.

गेल्या आठवड्यात या चौथ्या दुकानात आले, तेव्हा बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "वाजवायला आलीस की दुरुस्तीला?"

"वजन करायला."

त्या हसल्या आणि मागच्या खोलीतून एक काढून आणला. गेल्या वर्षीचा, कडेला ओरखडा, म्हणून माझ्या आवाक्यातला. मी आवाज शून्यावर नेला आणि हळू दाबलं. दादा, तळाला टेकायच्या जरा आधी पट्टी किंचित अडते आणि सुटते, अगदी तुझ्या जुन्या पियानोसारखी. डावीकडे सहा वॉशर लागले, उजवीकडे पाच. म्हणजे खालचे सूर जड, वरचे हलके, जसे असायला हवेत. मग हेडफोन लावून खालचा एक सूर दाबला, पेडल दाबून धरलं आणि तो विझेपर्यंत आकडे मोजले. सव्वीसपर्यंत पोचले, मग शेजारच्या ड्रमच्या पितळी तबकडीवर एक मुंगी चालत होती तिच्याकडे बघत राहिले. सूर तरीही होताच.

याच्या पोटातले स्पीकर सुमार आहेत, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे. तुझे जुने मोठे स्पीकर जोड. आवाज बाहेरून आणता येतो, पट्ट्या नाही आणता येत. शेवटी तू शिकवलेला तो एकुलता एक डाव्या हाताचा तुकडा वाजवला. वरचं वाजवायला कोणी नव्हतं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इकडचं तिकडचं सगळं संपलं.

तुझा पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवताना तू वर दार काढत होतास. खालून काका आणि तुझे दोन मित्र रेटत होते, पियानोला बांधलेला वरचा पट्टा माझ्या मनगटाला. दुसऱ्या वळणावर ती खिडकी आहे ना, तिच्यातून समोरच्या गच्चीवर एक माणूस दिसला. शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये त्याचं मुंडकं अडकलं होतं आणि तो गोल गोल फिरत होता. "ते बघा" म्हणायला मी हात वर केला. पट्टा मनगटातून निघून गेला. खालचे तिघं बाजूला झाले, हे नशीब. पियानो जिन्यावरून खाली आपटून फुटला, आणि काकांनी लावलेलं पट्ट्याचं बकल त्यानंतर सुटलं, आधी नाही. तू धावत आलास, सुटलेलं बकल बघितलंस आणि काकांना म्हणालास, "एवढं एक काम तुमच्याकडे होतं." काकांनी वाकून ते बकल उचललं. पियानोच्या आडून त्यांना मी हात सोडताना दिसलेच नव्हते. आणि मी तिथं उभी राहून ऐकत राहिले.

त्याला दोन वर्षं झाली. काका तुझ्या घरी आले नाहीत, तू पियानोचं नाव काढलं नाहीस, आणि मी तर गावच सोडलं. मला फिरायची हौस आहे असं तुम्ही सगळे म्हणता. आहेच, पण एवढी नाही.

काकांना हे सगळं मी गेल्या आठवड्यात पत्रानं कळवलं. माझ्या खोलीचा भरवसा नाही म्हणून पत्ता या दुकानाचा दिला होता, मंगळवारी दुपारी पियानो न्यायला इथं असेन असंही लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. का यावं?

थांब, दार वाजलं. बघून येते.

दादा, काका आलेत. हत्यारांची पिशवी घेऊन. मी म्हटलं, "काका, याला सूर लावावे लागत नाहीत."

"मला माहितेय. पिशवीला माहीत नाही."

बाईंना बांधलेलं खोकं सोडायला लावलंय त्यांनी. "या इस्त्रीच्या टेबलाला किती वॉशर लागले?" विचारलं. सहा आणि पाच म्हटल्यावर स्वतःचे काढून पुन्हा मोजले. मग पट्टीवरून नजर न हलवता म्हणाले, "बकल मी दोनदा ओढून बघतो, चाळीस वर्षं. त्या दिवसापासून सगळंच तीनदा ओढतो. दाराची कडीसुद्धा. तुझं पत्र आलं त्या दिवशी दोनदा ओढली आणि झोपलो."

आता ते हेडफोन उलटे घालून बसलेत आणि मोठ्यानं ओरडून सांगतायत की आवाज बरा आहे.

शनिवारी आम्ही दोघं येतोय. काका म्हणतात, जिन्यात वरची बाजू मी धरतो. मी म्हटलं, वरची माझीच. तुला जे बोलायचं असेल ते मला पियानो जागेवर ठेवल्यावर बोल, काकांना काय म्हणायचं ते मात्र दारातच म्हण. आणि दुसऱ्या वळणावरच्या त्या खिडकीला तेवढा वर्तमानपत्राचा एक कागद चिकटवून ठेव.

या वेळी दोन्ही हातांनी धरणारी,
तुझी भिंगरी