केरबाण्णांचे चार फोन

राणी,

मी कुपवाडला राहीवहिनींकडं चाललोय, जेवायला थांबू नको. मोबाईल मुद्दाम घरात ठेवलाय. त्यावर केरबाण्णांचं नाव आलं तर दचकू नको, त्यांचा फोन आता वहिनी वापरतात. तेराव्यापास्नं रोज लावतात, माझ्याच्यानं उचलवत न्हाई.

आमच्या कमी प्यायच्या गटाचा नियम तुला ठावं हाय. तिसरा ग्लास भरायच्या आधी गटातल्या आपल्या जोडीदाराला फोन लावायचा. त्या रविवारी अण्णांनी मला चारदा लावला. मी झोपलो हुतो म्हणालो, ते खोटं हाय. माझ्याच हातात पाचवा ग्लास हुता. लाजंनं उचलला न्हाई. मग अण्णा तसेच गाडीवर बसले.

वहिनींना आज हेच सांगणार हाय. तवर गटातल्या कुणाचाबी फोन वाजला तर लगीच उचल, आन् त्यो ठेवत न्हाई तवर बोलत ऱ्हा.

भाऊसो