हासिलच्या नावाचा पूल

२ ऑक्टोबर

तातांनी जेवताना सांगून टाकलं — हासिलच्या नावाने नोमुस करायचा. कुरणाच्या वाटेवरच्या ओढ्यावर पूल. दर उन्हाळ्यात तिथली लाकडं वाहून जातात आणि आम्ही बायका लोण्या-पनीराची ओझी घेऊन बर्फाच्या पाण्यातून चालतो. लाकूड आणि जेवण आपलं, हात गावाचे. गावातल्या निम्म्या वाटा अशाच कुणाकुणाच्या नावाच्या आहेत.

नानने, आमच्या आईने, हातातला घास खाली ठेवला. "मेलेल्यांच्या नावाचे पूल बांधा. माझ्या मुलाच्या नावाचा नको."

संपलं! तात उठून याकांकडे गेले. हासिलची दिलशाद भांडी घासायला बसली — घासलेलीच.

३ ऑक्टोबर

जुलैत परदेशी पाहुण्यांसाठी डोंगरावर दोर लावत होता आमचा हासिल. पायाखालचं बर्फ तुटलं. दोन सोबत्यांच्या डोळ्यांदेखत तो खाली गेला. खाली उतरणं कुणालाच शक्य नव्हतं, त्यामुळे घरी काहीच आलं नाही. त्याच्या नावाचा मयतीचा दिवा लागला, सारं गाव आलं, आणि नान गोठ्यात बसून राहिली.

तेव्हापासून आमच्या घरात रडायला बंदी आहे. "जिवंत माणसासाठी रडतात का गं? अवदसा कुठल्या!" मी बटाट्याच्या शेतात जाऊन रडून येते. दिलशादला तेही नाही. नान तिला नजरेआड होऊ देत नाही.

दिलशाद शाळेत माझ्या शेजारी बसायची. वहिनी म्हटलं की अजून चिमटा काढते. एक हिवाळा संसार झाला तिचा, बस. आता ती धड बायको नाही, धड विधवा नाही. तेविसाव्या वर्षी! तिचे वडील न्यायला तयार आहेत, पण गावात निकाह-दुआ करणारे खलिफा म्हणतात, "सासूच म्हणते मुलगा आहे, तर मी पोरीच्या पुढच्या आयुष्याचा विषय काढू कोणत्या तोंडाने?"

५ ऑक्टोबर

आज ओढ्यापाशी गेले होते. पाणी उतरलंय. लहानपणी हासिल मला इथून पाठीवर घेऊन जायचा. भाडं म्हणून वाळवलेल्या पनीराचा एक खडा. अर्ध्यात थांबायचा आणि म्हणायचा, "अनारा, पाणी वाढलं बघ, भाडंही वाढलं." मी केस ओढायचे. मग तो मुद्दाम डुलायचा, मी किंचाळायचे, आणि काठावरून नान दोघांनाही शिव्या द्यायची.

कसला निर्लज्ज होता! नानचा मिठाचा चहा हातात घेऊन विचारायचा, "नान, आज चहात मीठ टाकलंस की मिठात चहा?" नान पळी घेऊन धावायची, आणि दुसरा कटोरा त्यालाच आधी द्यायची. मला कधी दिला नाही आधी. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, दे बाई, दहा कटोरे दे त्याला.

७ ऑक्टोबर

नानने तोड काढली! "नोमुस जिवंत माणसाच्याही नावाने होतो. तुझ्या आजोबांच्या नावाची भिंत बांधली तेव्हा ते स्वतः उभे राहून बघत होते. तसाच बांधा. पण नावाआधी मरहूम म्हणून त्याला मेलेल्यांत घातलंत तर याद राखा."

आणि तात हो म्हणाले!

मी गोठ्यात त्यांना गाठलं. "तात, तुम्हाला तरी कळतंय ना?" तर शेण ओढता ओढता म्हणाले, "पूल तर होऊ दे, पोरी." म्हणजे काय? पूल होईल, आणि दिलशाद त्याच्यावर उभी राहून कुणाची वाट बघणार?

१२ ऑक्टोबर

काम सुरू झालं. पुरुष दगड रचताहेत, पोरं वाळू वाहताहेत, आणि नान — काय सांगू! लग्नघर असल्यासारखी चूल पेटवलीय. भरपूर लोणी घालून मलिदा केला, ज्याला त्याला आग्रह. "खा रे, हासिल आला की तो तुमच्याकडे असाच राबेल." लोक खाली बघून खातात.

मागे मधल्या वाटेची भिंत बांधली तेव्हा हासिल होता. काम कमी, नाच जास्त. नाचायला अजिबात येत नव्हतं त्याला, दोन्ही हात वर करून नुसता गोल फिरायचा. तरी ढोल थांबला की सगळे ओरडायचे, "हासिलला बोलवा!" आज ढोल होता. कुणी ओरडलं नाही. मलाच ओरडावंसं वाटत होतं.

१५ ऑक्टोबर

नान दिलशादकडून हासिलसाठी लोकरीचे मोजे विणून घेतेय. दिलशाद विणते. जेवत मात्र नाही.

१८ ऑक्टोबर

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

दुपारी बायका दगडांवर बसून चहा पीत होत्या. सुलतान बेगम — शेजारची म्हातारी, जिभेला हाड नाही — दिलशादच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "काय गं, खांद्याची हाडं वर आलीत! माझा पुतण्या अजून बिनलग्नाचा आहे. नाक जरा मोठं आहे, पण दुसरी खोड नाही."

बायका हसल्या. मीसुद्धा हसले, खोटं कशाला बोलू. कितीतरी दिवसांनी कुणीतरी दिलशादची तिच्या वयाप्रमाणे थट्टा केली होती.

दिलशाद हसली नाही. चिडलीही नाही. विणकामातून मान वर न करता म्हणाली, "माझा नवरा यायचाय. मोजे झाले की येईल."

अगदी नानचे शब्द. नानच्याच सुरात! पाढे म्हणावे तसं म्हणाली ती — आत कुणी नसल्यासारखं.

नान मागे उभी होती, किटली घेऊन. तिने ऐकलं. ती दिलशादकडे बघत राहिली, आणि किटलीतला चहा स्वतःच्याच पायावर सांडत होता. सुलतान बेगमने किटली काढून घेतली तेव्हा नान म्हणाली, "पोळलं नाही मला. राहू दे."

१९ ऑक्टोबर

आज नानच्या चहात मीठच नव्हतं. सगळ्यांनी तसाच प्यायला.

२१ ऑक्टोबर

उद्या पुलाची दुआ. तातांनी नानला विचारलं, "येशील?" ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. "मला विचारू नका," म्हणाली.

दिलशादने माझ्या केसांची वेणी घातली. घालता घालता म्हणाली, "तो इतक्याच जोरात ओढायचा ना तुझी वेणी?" जुलैनंतर पहिल्यांदा तिने त्याच्याबद्दल 'ओढायचा' म्हटलं, होऊन गेलेलं बोलावं तसं. मी वळून बघायला गेले तर तिने माझं डोकं धरून पुढे केलं.

२२ ऑक्टोबर

खलिफांची दुआ झाली. मग घरच्या मोठ्याने नाव सांगायचं असतं. तात उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. आणि गर्दीतून नान पुढे आली. केव्हा आली होती कुणास ठाऊक! पुलाच्या मधोमध जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मरहूम हासिल बेग. माझा मुलगा."

मग दिलशादचा हात धरून तिला तिच्या वडिलांसमोर नेलं. "पोरगी माझी आहे. पण मी अडवणार नाही. तिच्यासाठी मुलगा बघा. लग्नाच्या रोट्या मी भाजीन."

दिलशाद तिथेच पुलाच्या लाकडांवर खाली बसली. नान तिच्या शेजारी बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रड, बाळा. आता रड."

आम्ही तिघी रडलो. अख्खा पूल अडवून.