सगळ्याच फोटोंत धुकं

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. (तो खरं तर पायांवर डोकं ठेवूनच करायचा, पण पाय तिकडे आणि डोकं इकडे, तेव्हा तूर्त कागदावरच मान्य करून घे.) आम्ही बरे आहोत. तुझे गुडघे, वहिनीचा खोकला आणि दारातलं लंगडं कुत्रं, तिघांनाही आराम पडावा म्हणून देवाजवळ रोज मागणं चालू आहे. एवढ्या ढोबळ अक्षरात का लिहितोय असं तुला वाटेल. दुकानातलं 'आज सवलत' लिहायचं जाड पेन तेवढं हाताशी होतं. दुसरं काही कारण नाही.

मुख्य गोष्ट अशी, की मागच्या मंगळवारी सकाळी मी माणसांनी भरलेलं विमान हवेत सोडलं आणि चहा प्यायला गेलो.

घाबरू नकोस, विमान कॉम्प्युटरमधलं आहे. लेक नोकरीला दुसऱ्या गावी गेली, तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला आणि त्याच्या पोटात हा विमान उडवायचा खेळ राहिला. (खेळ म्हटलं की ती चिडते. सिम्युलेटर म्हणायचं.) त्यात अख्खी पृथ्वी आहे दादा. डोंगर, नद्या, समुद्र, आणि ऊन आपण म्हणू तेव्हा आणि म्हणू तिकडून. निघताना तिने मला विमान वर कसं न्यायचं, हवेत जागच्या जागी कसं थांबवायचं आणि फोटो कसा काढायचा एवढं शिकवलं. उतरवायचं शिकवणार तेवढ्यात तिची गाडी आली. त्यामुळे मला वर जाता येतं, खाली येता येत नाही. अशी माणसं तुझ्या खात्यात तू साहेबांच्या खुर्चीवर पुष्कळ पाहिली असशील.

या वयात हे काय, असं तू म्हणणार. पण माझं काम तुला माहीत आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून मी काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. दिवसभरात नाकापासून वीतभर अंतरावरचं तेवढं जग मला दिसतं. पुढच्या खोलीत ते डोळे तपासायचं यंत्र आहे, हनुवटी टेकवून आत बघायचं. आत एक सरळ रस्ता दिसतो आणि रस्त्याच्या टोकाला रंगीत फुगा. गिऱ्हाईक हटकून विचारतं, "हा रस्ता कुठला हो?" आणि इतक्या वर्षांत आम्हा कोणालाच ते ठाऊक नाही. दुपारी दुकान रिकामं असलं की मीही हनुवटी टेकवून त्या रस्त्याच्या टोकाकडे बघत बसायचो. आपल्या शाळेत भूगोल म्हणजे वाळवीने खाल्लेला एकच नकाशा होता. मास्तर छडी लावून डोंगर दाखवायचे आणि डोंगर खाली पडायचा. तेव्हापासून लांबचं काही पाहायचं राहूनच गेलं होतं. आता मी विमान वर नेतो, ऊन तिरपं करून घेतो, विमान थांबवतो, कॅमेरा बाहेर काढून त्याच्याभोवती फिरवतो. खाली तळं, तळ्यात विमानाची सावली, आणि पंखाच्या टोकाला नेमका सूर्य. मग फोटो. देवाने केलेलं माणसाने पुन्हा करून ठेवलंय आणि मी त्याचा फोटो काढतोय. माझा वाटा भाजीवर भुरभुरलेल्या मिठाएवढा, पण हात जोडावेसे वाटतात हे खरं.

मालकांना एक फोटो इतका आवडला, की त्यांनी मोठा छापून दुकानात लावला. नवा चष्मा घातला की लोकांना लांब बघायला काहीतरी लागतं, आणि आमच्या दारातून लांब बघितलं तर समोरच्या शिंप्याची भिंत दिसते. परवा एक गृहस्थ नवा चष्मा चढवून त्या फोटोकडे बघून बायकोला म्हणाले, "आपण इथेच उतरलो होतो ना? जेवण फार वाईट होतं." मी मागच्या खोलीत काच घासत राहिलो.

तर त्यातलाच पहिला फोटो मी तुला छापून पाठवला. तुझा फोन आला. "फोटो झकास आहे रे, पण धुकं फार आहे. आणि मला एक सांग, तू फोटो काढतोस तेव्हा गाडी कोण चालवतं?"

तेवढ्या बोलण्याने माझी झोप उडाली. आधी गाडीचं सांगतो.

तू उभी हयात बस चालवलीस. लोक तुला 'सावकाश' म्हणायचे, पण तुझ्या गाडीत बसलं की डोळे मिटून झोपायचे. माणसं आत बसलेली असताना तू पाणी प्यायलासुद्धा स्टिअरिंग सोडलं नाहीस. तुझ्या प्रश्नानंतरही काही दिवस मला विमानाचे पंखच दिसत होते, शेपूट दिसत होतं. खिडक्या दिसल्याच नव्हत्या. मंगळवारी बर्फाच्या डोंगरावर विमान थांबवलं, तुझ्यासाठी फोटो काढला, चहा पिऊन आलो, कॉम्प्युटर बंद करायला बोट पुढे केलं आणि ती खिडक्यांची रांग दिसली. आत माणसं असणार. कोणी घरी निघालं असेल, कोणी दवाखान्यात. उतरवायला मला येत नाही, आणि बंद केलं तर ती जाणार कुठे? खोटीच आहेत, कबूल. पण खरं-खोटं ठरवायचं काम देवाकडे आहे, काच घासणाऱ्याकडे नाही. मी बोट मागे घेतलं. तेव्हापासून कॉम्प्युटर चालू आहे आणि विमान डोंगरावर तसंच उभं आहे.

तुझ्या भावजयीने आधी डोक्याला हात लावला. मग झाडू मारताना म्हणाली, "पाहुण्यांना काही खायला विचारलंत का?" ते टोमण्याने होतं. पण दुपारचं ऊन पडद्यावर यायला लागलं तसं उठून तिनेच खिडकी लावून घेतली. म्हणाली, "त्यांच्या तोंडावर येतंय." एवढ्यात वीज गेली. कॉम्प्युटरखालची बॅटरी टीं टीं करायला लागली. मी धावत शेजारच्या वेल्डरकडे गेलो, मोठी बॅटरी मागितली. त्याने विचारलं कशाला, तर घाईत माझ्या तोंडून निघालं, "माणसं वर अडकलीत!" तो भला माणूस बॅटरी, दोरखंड आणि शिडी घेऊन माझ्या पुढे पळत आमच्या घरात शिरला. मग पडद्यासमोर उभा राहून त्याने विमान बघितलं, खालचा डोंगर बघितला. शेवटी म्हणाला, "शिडी पुरणार नाही." आणि बॅटरी जोडून देऊन गेला. आता रस्त्यात भेटला की हळू आवाजात विचारतो, "उतरली का?"

(कागद भराभर संपतोय, म्हणून अक्षर जरा आवरतं घेतो.)

आता धुक्याचं. हे सगळं त्या मंगळवारच्या आधीचं. या सिम्युलेटरात हवामान आपल्या हातात असतं. तू धुकं म्हणालास म्हणून पुढच्या फोटोत मी ढग कमी केले. तू म्हणालास, "बरा आहे, पण धुकं आहे." त्याच्या पुढच्या वेळी ढग काढूनच टाकले, ऊन भर दुपारचं केलं. तरी धुकं. मग मी विमान वाळवंटात नेलं. लेकीला फोन करून विचारलं, याहून स्वच्छ होईल का? ती म्हणाली, "बाबा, याहून स्वच्छ आभाळ त्यांनी बनवलेलंच नाही." तो फोटो तुला पाठवला, आणि तू म्हणालास, "हल्ली वाळवंटातपण धुकं पडतं का रे?"

मी छापणाऱ्याशी भांडलो. कागद बदलून घेतला. फोटो मालकांपुढे धरला, तर ते गल्ल्यावरूनच विमानाच्या शेपटीवरचा आकडा वाचून मोकळे झाले. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. लोकांच्या डोळ्यांवर ज्याचं पोट चालतं तो मी, आणि इतके दिवस आभाळ पुसत बसलो होतो.

वहिनीला रागावू नकोस, मीच खोदून विचारलं. ती स्वयंपाकघरातून कुजबुजत बोलली. तू चहा कपाच्या शेजारी ओततोस. माणूस ओळखायला तो बोलायची वाट बघतोस. गुडघ्यांचं नाव सांगून घराबाहेर पडणं बंद केलंस. आणि डोळे दाखवू म्हटलं तर तिला म्हणालास, "तपासले आणि अधू निघाले, तर लोक म्हणतील, हा आम्हाला इतकी वर्षं असाच नेत होता."

दादा, हे साफ चूक आहे. तर ऐक. तुझ्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मी तुझ्या स्टँडवर आलो होतो. तू पार पलीकडे गाडीत बसला होतास आणि तिथून ओरडलास, "अरे, शर्टाची बटणं वरखाली लावलीस!" सगळा स्टँड माझ्याकडे बघून हसला. तेव्हा लाज वाटली, आता तीच साक्ष म्हणून धरून ठेवली आहे. तुझ्या गाडीतल्या माणसांना तू स्वच्छ डोळ्यांनी पोचवलंस. हे त्यानंतरचं आहे. आमच्या दुकानात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येतात, त्या म्हणतात, केस पिकतात तसाच हा मोतीबिंदू पिकतो, त्यात कोणाचा गुन्हा नाही. फक्त फार पिकू देऊ नये.

पण फोनवर मी डोळ्यांचा 'डो' काढला की तुझी रेंज जाते. वर दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत तू बसत नाहीस. (ते मात्र खरं. मागच्या वेळी बसलास तेव्हा तिसऱ्या रांगेतून इतक्या जोरात ब्रेक दाबलेस, की पुढच्या सीटचा पत्रा वाकला. "पोरा, तो गिअर आहे, लाटणं नाही," असं म्हणालास तेव्हा त्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन किल्ली तुझ्यापुढे धरली होती.) मी स्वतः येऊन तुला न्यावं असं दर रविवारी ठरवतो आणि तू नाही म्हणशील या भीतीने दर रविवारी घरात बसतो. आता तर विमानाचंही निमित्त आहे.

म्हणून डोळ्यांचं काही म्हणतच नाही. विनंती एवढीच, की येऊन तेवढं विमान उतरवून दे. माणसं मध्येच सोडणाऱ्यातला तू नाहीस.

तुझा,
धाकटा

ता. क. : (जागा नाही म्हणून पेनही बारीक घेतलं आहे.) लेकीचा आत्ताच फोन आला. कॅमेरा विमानाच्या आतही नेता येतो म्हणे. नेला. सगळ्या सीटा रिकाम्या. एक माणूस नाही. तुझ्या भावजयीला फार वाईट वाटलं, म्हणाली, "मग ऊन कोणाला लागत होतं?" तर विमानाचं निमित्त संपलं. तुलाही आणि मलाही.

आणखी एक ता. क. : पत्राचं अक्षर बारीक होत गेलंय हे तुझ्या लक्षात आलं का? कागद काही कमी पडला नव्हता. घरात वहीच्या वही कोरी पडली आहे. पहिलं पान दुकानातल्या डोळे तपासायच्या तक्त्याच्या वरच्या ओळीएवढं आहे आणि हे शेवटच्या ओळीएवढं. मुद्दाम केलं. कॉम्प्युटर बंद केला, वेल्डरची बॅटरी परत केली आणि हे पत्र पोस्टात न टाकता खिशात घातलं. ते मघाशी तुझ्या हातात दिलं आणि तुझ्यासमोरच्या खुर्चीत बसलोय. तू वाचता वाचता जिथे थांबलास तिथे मी वहिनीकडे बघितलं असेल. तिथून पुढचं मीच तुला वाचून दाखवतोय. बसची तुझी-माझी तिकिटं काढली आहेत, शेवटच्या रांगेतली, तिथून ड्रायव्हर दिसत नाही. हे वाक्य माझ्या आवाजात ऐकू येतंय ना? मग ऊठ, चपला दारात सरळ करून ठेवल्या आहेत.